मडफ्लॅप बसवताना: ब्रॅकेट पक्कं, फ्लॅप कच्चा

मडफ्लॅप, म्हणजे चाकांच्या मागे चिखल-खडी अडवायला लटकणारे पडदे, लावणं हे काम दिसायला अगदी किरकोळ आहे, चार रबराचे तुकडे आणि डझनभर बोल्ट, आणि म्हणूनच बहुतेक जण ते घाईघाईत उरकतात आणि पहिल्याच ऑफरोड ट्रिपला एखादा फ्लॅप चिखलात सोडून घरी येतात. मीही तेच केलं होतं. फ्लॅप गेला त्याचं काही वाटलं नाही हो, पण जाताना तो मागच्या व्हील आर्चचं, म्हणजे चाकावरच्या कमानीचं, आतलं प्लास्टिक आणि बंपरचा एक कोपरा सोबत घेऊन गेला, आणि ते पाहिल्यावर मात्र पोटात गोळा आला.

झालं असं होतं की गाडी दोन खोल चाकोऱ्यांमध्ये अडकली होती, पुढे जाईना म्हणून रिव्हर्स टाकला, मागे चिखलाचा उंचवटा होता, जरा जोर दिला तर मागून कडकड असा आवाज आला. मला वाटलं फांदी मोडली.

यात नेमकं काय होतं ते एकदा डोक्यात बसलं ना, की पुढचं सगळं काम सोपं आहे, म्हणून आधी तेच सांगतो. गाडी पुढे जात असते तेव्हा टायरची मागची बाजू खालून वर फिरत असते, त्यामुळे फ्लॅप टायरला लागलाच तर तो वर किंवा मागे ढकलला जातो, फार तर घासल्याचा आवाज येतो. रिव्हर्समध्ये सगळं उलटं. आता टायरची मागची बाजू वरून खाली येतेय, आणि मागचा दगड किंवा मातीचा ढीग फ्लॅपला टायरकडे दाबतोय. टायर फ्लॅपचं टोक पकडतो आणि स्वतःखाली ओढून घेतो. म्हणजे फ्लॅपवर गाडीचं वजन, आणि गाडी मागे सरकतेय. आता काहीतरी तुटणारच. काय तुटायचं हे मात्र तुम्ही फ्लॅप बसवता त्याच दिवशी ठरलेलं असतं. जाड स्टीलच्या बोल्टांनी थेट बॉडीला आवळला असेल तर बॉडी फाटते, आणि फ्लॅप सुटून येईल असा बसवला असेल तर फ्लॅप सुटतो, तो उचलायचा, धुवायचा, परत लावायचा.

म्हणून माझं गणित एवढंच आहे, ब्रॅकेट, म्हणजे फ्लॅप धरणारी पट्टी, गाडीला पक्कं आणि फ्लॅप ब्रॅकेटला कच्चा. खाली सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

कोणता फ्लॅप घ्यायचा

दोन जाती आहेत. एक म्हणजे मोल्डेड, तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेले कडक प्लास्टिकचे, आकार बॉडीशी जुळतो, बऱ्याचदा ड्रिल मारायची गरज पडत नाही, दिसतात छान. शहरात आणि साध्या कच्च्या रस्त्यावर एकदम मस्त. पण कडक असल्यामुळे खडकावर टेकले की वाकत नाहीत, तडकतात, आणि लांबीलाही आखूड असतात, त्यामुळे मोठे टायर टाकलेत तर उपयोग अर्धाच. दुसरी जात म्हणजे सपाट शीट, रबराची किंवा पॉलियुरेथेन, एचडीपीई अशा प्लास्टिकची, आपल्याला हवी तशी कापायची. ऑफरोडला मी डोळे झाकून हीच सांगतो.

मटेरियलमध्ये फरक आहे बरं का. पॉलियुरेथेन सगळ्यात चिवट, दुमडून सोडलं की परत सरळ होतं, थंडीतही लवचिक राहतं. रबर स्वस्त आणि कापायला सोपं पण जड, ३० बाय ४० सेंटिमीटरचा ४ एमएम जाडीचा एक तुकडा साधारण अर्धा किलोच्या वर भरतो, आणि त्याला चिखल चिकटला की वजन आणखी वाढतं, ते सगळं वजन खड्ड्यात हिसके देत असतं. एचडीपीई हलकं, चिखल कमी चिकटतो, पण जरा ताठ असतं. स्वस्तातलं पीव्हीसी टाळा, कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं आणि कोपऱ्यातून तुकडा उडतो.

जाडी ३ ते ५ एमएम. पातळ घेतलं तर वेगात वाऱ्याने उडतं आणि मागे आडवं होतं, मग असून नसल्यासारखं. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत लवचिक प्लास्टिक, किमान ४ एमएम जाडी, टायरची पूर्ण रुंदी झाकलेली आणि खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटरपेक्षा वर नको असं दिलेलं आहे. यातलं ४ एमएम आणि पूर्ण रुंदी एवढंच आपण उचलायचं. १० सेंटिमीटर विसरा, ते खडीच्या रस्त्यावर सुसाट पळणाऱ्या गाडीसाठी आहे, खडकावर चढणाऱ्यासाठी नाही.

आणि हो, पैसे दोनच फ्लॅपचे असतील तर पुढचे आधी लावा. लोकांना वाटतं फ्लॅप मागच्या गाडीवर चिखल उडू नये म्हणून असतो. असतोच, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान पुढची चाकं करतात. दाराच्या खालची पट्टी, मागच्या चाकाच्या आधीचा पत्रा, टाकी, ब्रेकच्या नळ्या, मागचे शॉक अॅब्सॉर्बर, सगळीकडे पुढच्या टायरने उडवलेली खडी आपटत असते, आणि रंग उडाला की गंज तिथूनच सुरू होतो. मागे ट्रेलर ओढत असाल तर मात्र मागचेही तितकेच गरजेचे. काही ठिकाणी टायर बॉडीबाहेर आला की फ्लॅप कायद्यानेच लागतात, तेव्हा आपल्याकडचा नियम बघून घ्या.

रुंदी आणि उंची

रुंदी सोपी आहे. टायरवर २६५/७० आर १७ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी एमएममध्ये, इथे साडेसव्वीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना एक-दीड सेंटिमीटर जास्त धरा, म्हणजे फ्लॅप साधारण २९. कमी ऑफसेटची, म्हणजे बाहेरच्या बाजूला जास्त येणारी, व्हील्स टाकून टायर बाहेर आला असेल तर फ्लॅपही तेवढा बाहेर यायला हवा, नाहीतर दाराचे हँडलसुद्धा चिखलाने माखतात.

उंचीवर मात्र थोडा विचार करायला लागतो. दगड टायरला चिकटून वर येतो आणि टायरच्या गोलाईला सरळ स्पर्श करत सुटतो, म्हणजे जमिनीजवळ सुटलेला दगड जवळपास आडवा मागे जातो आणि जरा वर येऊन सुटलेला तिरका वर जातो. फ्लॅपच्या खालून जे आडवे जातात ते जाऊ द्यायचे, तिरके अडवायचे. यासाठी एक सोपा हिशेब आहे, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या कायद्यात ट्रकसाठी तो तसाच लिहिलेला आहे, की एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, मध्यापासून फ्लॅपपर्यंत आडवं जेवढं अंतर, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा फ्लॅप जमिनीपासून उंच नको. वरच्याच टायरचं बघा, त्याचा व्यास साधारण ८० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून मागच्या कडेपर्यंत ४०, त्यात टायर आणि फ्लॅपमधली १० सेंटिमीटरची फट, झाले ५०, त्याचा तिसरा हिस्सा १६ ते १७ सेंटिमीटर. यातून एक गंमत लक्षात येते, फ्लॅप टायरच्या जितका जवळ तितका खालीही हवा, आणि लांब असेल तर वर असून चालतो.

आता १६ सेंटिमीटर ही रस्त्यावरची उंची झाली. खडक, पायऱ्या, ओढ्याचे काठ असलं सगळं करत असाल तर मागचे फ्लॅप २२ ते २५ वर ठेवा, थोडी खडी खालून जाईल, जाऊ दे. पुढचे १८ ते २० ठीक. मऊ फ्लॅप असेल तर पुढे जाताना तो मागे दुमडतो, त्यामुळे चढावर अडचण होत नाही, पण उतरताना मागचा भाग टेकतो तेव्हा लांब फ्लॅप पहिला अडकतो.

सामान काढून ठेवा

शीट, पुठ्ठा, खडू, टेप, मार्कर, धारदार कटर, साबणाचं पाणी, रबराला भोक पाडायचा पोकळ पंच आणि हातोडी. ड्रिल, ३ आणि साडेसहा एमएमचे बिट, सेंटर पंच, कानस. ३ एमएम जाडीची, २५ एमएम रुंद अॅल्युमिनियमची पट्टी. ६ एमएमचे गोल डोक्याचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते, सहज सैल होत नाहीत), मोठे वॉशर म्हणजे बाहेरून २५ एमएमचे, छोटे चालणार नाहीत, रबर त्यातून निसटतं. ६ एमएमचेच काळे नायलॉनचे बोल्ट आणि नट, हे जरा जास्त आणा. झिंक प्रायमर, टच-अपचा रंग, थोडं ग्रीस. जॅक, जॅक स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, चाकाचा पाना.

इम्पॅक्ट गन, म्हणजे नट फिरवायचं मशीन, असेल तर ती आत ठेवून द्या. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नायलॉक नट मशीनने दाणकन फिरवला की आटे गरम होऊन एकमेकांत असे जाम होतात की नंतर कापूनच काढावे लागतात. हाताने, थोडं ग्रीस लावून, सावकाश.

पायरी १: गाडी चाकांवर उभी असताना माप घ्या

सपाट जागा, टायरमध्ये नेहमीची हवा, गाडीत नेहमी असतं तेवढं सामान. हे मी ठळक सांगतोय कारण नवीन माणूस हमखास काय करतो, तर आधी गाडी जॅकवर चढवतो, चाक काढतो, आणि मग ऐसपैस बसून मापं घेतो. जॅकवर सस्पेन्शन खाली लोंबकळतं, टायर आर्चपासून लांब गेलेला असतो, तेव्हा घेतलेलं प्रत्येक माप खोटं. मी पहिल्या वेळी असंच केलं आणि गाडी खाली उतरवल्यावर फ्लॅप जमिनीला टेकायला बोटभर बाकी होता.

आर्चच्या मागच्या कडेला कंपनीचे कुठे स्क्रू किंवा क्लिप आहेत ते बघा. बहुतेक गाड्यांत लायनर, म्हणजे आर्चचं आतलं प्लास्टिक, धरणारे दोन-तीन तरी असतात, शक्यतो त्याच भोकांचा उपयोग करायचा, नवीन भोक हा शेवटचा उपाय.

पायरी २: पुठ्ठ्याचा फ्लॅप

खोक्याचा पुठ्ठा घ्या, अंदाजाने फ्लॅपच्या आकारात कापा, टेपने आर्चला चिकटवा. दिसायला येड्यासारखं दिसतं पण हीच पायरी सगळ्यात जास्त पैसे वाचवते. टायरच्या मागच्या कडेपासून फट मागे किमान ८ ते १० सेंटिमीटर ठेवा, पुढे स्टेअरिंगमुळे किती लागेल ते गाडीच सांगेल.

आता टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने जाडसर पट्टा ओढा, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना. इंजिन चालू करून स्टेअरिंग हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग उतरून पुठ्ठा बघा. खडू कुठे लागलाय? बहुतेक वेळा आतल्या खालच्या कोपऱ्यात पांढरा ओरखडा दिसतो, कारण चाक वळलं की टायरचा मागचा खांदा तिथेच येतो. तेवढा कोपरा तिरका कापा, परत खडू, परत फिरवा. माझ्या गाडीला तीन वेळा कापावं लागलं, आणि शेवटी जो आकार आला तो मी कागदावर बसून कधीच काढला नसता.

एवढ्यावर थांबू नका, कारण हे सगळं सपाटीवर झालं. एखाद्या भक्कम रॅम्पवर किंवा मातीच्या बांधावर एकच चाक हळू चढवा म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि तिथे पुन्हा स्टेअरिंग फिरवून बघा. कुणीतरी बाहेर उभं राहून बघणारं हवं, पण बाजूला, चाकाच्या पुढे-मागे नाही. मागे पट्ट्यांचं म्हणजे लीफ स्प्रिंगचं सस्पेन्शन असेल तर अजून एक गोष्ट, पट्टा दाबला की सरळ होतो आणि लांब होतो, पुढचं टोक पक्कं असतं आणि मागे शॅकल म्हणजे हलणारा दुवा, त्यामुळे एक्सल वर जाताना थोडा मागेही सरकतो. म्हणजे तुम्ही ठेवलेल्या १० सेंटिमीटरमधले काही तो खातो.

सायलेन्सरचा पाइप फ्लॅपजवळून जात असेल तर ८-१० सेंटिमीटर तरी अंतर पाहिजे, नाहीतर लांब चढावर आधी रबराचा वास येतो आणि मग कड वितळलेली दिसते.

पायरी ३: कापणी

पुठ्ठा शीटवर ठेवून आखा. दुसऱ्या बाजूच्या फ्लॅपसाठी पुठ्ठा उलटा करायचा, हे लिहायला लागतंय कारण दोन्ही फ्लॅप एकाच बाजूचे कापलेली माणसं मी पाहिली आहेत. मार्करने लगेच 'पुढे उजवा', 'पुढे डावा' असं लिहून टाका.

रबर कापताना कटरचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे ते अडकत नाही, आणि एका झटक्यात कापायला जाऊ नका, पट्टी धरून त्याच रेघेवरून चार-पाच वेळा हलके हात. एचडीपीईला जिगसॉ किंवा हॅक्सॉ. सगळे कोपरे गोल करा, दोन-तीन सेंटिमीटरची गोलाई, छोटी वाटी ठेवून आखलं तरी चालतं. टोकदार आतल्या कोपऱ्यातून चीर सुरू होते आणि मग ती थांबत नाही.

रबराला भोकं ड्रिलने पाडू नका. बिट रबर कापत नाही, ओढतं, आणि भोक वेडंवाकडं आणि कडेला चिरलेलं पडतं. खाली लाकडाचा ठोकळा, वर पोकळ पंच, हातोडीचा एक सणसणीत घाव, नाण्यासारखी गोल चकती बाहेर पडते. भोक कडेपासून किमान २ सेंटिमीटर आत.

पायरी ४: चाक काढायचं की नाही

पुढे बऱ्याचदा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की हात जातो, चाक काढावं लागत नाही. मागे काढलेलं बरं. पद्धत नेहमीचीच पण सांगतो: हँडब्रेक, गिअर, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे, नट गाडी खाली असतानाच पाव फेरा सैल, मग जॅक, मग जॅक स्टँड, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या आर्चमध्ये डोकं घालायचं नाही म्हणजे नाही. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी त्याच्यावर बसेल.

आर्च आधी धुवा आणि वाळवा. लायनरच्या मागे मूठ-मूठ सुकलेली माती निघेल, ती तशीच ठेवून वर पट्टी आवळली तर पट्टी नीट बसत नाही आणि ओल धरून ठेवते.

पायरी ५: भोक पाडायचंच असेल तर

लायनर जरा ओढून मागे काय आहे ते टॉर्चने बघा आणि हात घालून चाचपा. मागच्या एका आर्चमध्ये बहुतेक गाड्यांत पेट्रोल-डिझेल भरायची नळी असते, पार्किंग सेन्सरच्या वायरी असतात, चाकाजवळ एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज. पुढे कुठे काच धुवायच्या पाण्याची बाटली असते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल आणि नारिंगी केबल दिसली तर ड्रिल खाली ठेवा, ती हाय व्होल्टेजची असते. चॅसीच्या फ्रेमला तर भोक पाडायचंच नाही.

सगळं मोकळं आहे याची खात्री झाली की सेंटर पंचने खूण, नाहीतर बिट घसरून रंगावर रेघ मारतं. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे पत्रा पार झाल्यावर ड्रिल आत घुसत नाही. आधी ३ एमएम, मग साडेसहा. कानशीने भोकाच्या कडेची धार काढा, पत्र्याची भुकटी पुसून घ्या, ती रंगावर राहिली तर दोन दिवसांत लाल ठिपके दिसतात. उघड्या कडेला झिंक प्रायमर, वर रंग, वाळू द्या. इथे घाई केली की वर्षभरात त्याच भोकाभोवती रंग फुगतो, म्हणजे ज्या गंजापासून वाचायला फ्लॅप लावला तो गंज आपणच पाहुणा म्हणून बोलावला.

पायरी ६: ब्रॅकेट पक्कं

अॅल्युमिनियमची पट्टी आर्चच्या कडेइतकी कापा, टोकं गोल करा, गाडीच्या भोकांशी जुळणारी भोकं पाडा. पट्टीची टायरकडची बाजू आणि फ्लॅपचे बोल्ट कुठे येणार हे आधी ठरवा, गाडीचे बोल्ट आणि फ्लॅपचे बोल्ट वेगवेगळ्या जागी हवेत, एकच बोल्ट दोन्ही कामांना वापरला तर सगळा खटाटोप वाया. माझ्याकडे गाडीच्या बाजूला तीन स्टीलचे आणि फ्लॅपला चार नायलॉनचे आहेत.

फ्लॅपचे बोल्ट लायनरवर दाबले जाऊ नयेत म्हणून पट्टीच्या खालच्या भागात ते घ्यायचे, किंवा पट्टी गाडीपासून वॉशरांनी थोडी वर उचलायची. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसायला लागते, म्हणून मध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा निदान ग्रीसचा थर.

बोल्टची दिशा महत्त्वाची. गोल डोकं टायरच्या बाजूला, नट आणि आट्यांचं टोक मागे. उलटं लावलं तर बोल्टचं टोक टायरकडे रोखलेलं राहतं, आणि एखाद्या दिवशी सस्पेन्शन पूर्ण दाबलं की ते साइडवॉलमध्ये जातं, आणि साइडवॉल फाटली की पंक्चर काढणाराही हात जोडतो.

पायरी ७: फ्लॅप कच्चा

आता फ्लॅप पट्टीवर नायलॉनच्या बोल्टांनी, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. आवळायचं किती, तर वॉशरच्या कडेने रबर किंचित फुगलेलं दिसलं की बस. त्यापुढे नायलॉन बोल्ट पिळवटतो आणि डोकं हातात येतं, एक-दोन असे जाणारच, म्हणूनच जास्त आणा म्हटलं.

नायलॉनचे बोल्ट मिळाले नाहीत किंवा तुमचं लायनरच असं आहे की वेगळं ब्रॅकेट बसत नाही, तर दुसरा मार्ग आहे. स्टीलचेच बोल्ट वापरा पण फ्लॅपच्या प्रत्येक भोकापासून वरच्या कडेपर्यंत सरळ एक काप द्या. साध्या वापरात वॉशरचा दाब फ्लॅप धरून ठेवतो, पण टायरने खाली खेचला की काप उघडतो आणि फ्लॅप बोल्टखालून निसटून येतो, बोल्ट जागेवर, बॉडी जागेवर. हे रबर आणि पॉलियुरेथेनला चांगलं चालतं, एचडीपीईला तितकंसं नाही कारण ते ताठ आहे.

नायलॉन उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो, काळा रंग जरा जास्त टिकतो. वर्षातून एकदा सरळ बदलून टाका, फार तर दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी ८: खाली उतरवून तपासा

चाक लावा, नट आडव्या-तिडव्या क्रमाने, गाडी खाली, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने. परत खडू, परत स्टेअरिंग दोन्ही टोकांना, परत एक चाक उंचावर. यावेळी खडू फ्लॅपवर अजिबात उमटता कामा नये. मग मोकळ्या जागेत हळू रिव्हर्स, स्टेअरिंग वळवून, खिडकी उघडी ठेवून, कान बाहेर. फट-फट असा आवाज वेगात येत असेल तर फ्लॅप फडफडतोय, जाडी कमी आहे किंवा बोल्टांमधलं अंतर जास्त. खरखर असेल तर टायर लागतोय, परत कटर घ्या.

५० ते १०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट आणि चाकांचे नट एकदा पान्याने बघा. रबर दबून बसतं आणि बोल्ट सैल होतात, हे होतंच.

ऑफरोड जाताना

खोल चिखल, मऊ वाळू, पाणी किंवा मोठे खडक असतील, म्हणजे जिथे रिव्हर्स घ्यावा लागणार हे आधीच दिसतंय, तिथे मागचे फ्लॅप वर बांधून टाका. त्यासाठी फ्लॅपच्या खालच्या भागात मध्यावर एक भोक आणि त्यात पट्ट्याचा फास, तो मागे ओढून बंपरखालच्या एखाद्या भक्कम जागी हुकने अडकवायचा. फ्लॅप मागे दुमडला जातो, टायरपासून दूर. पट्टा सायलेन्सरला किंवा वायरिंगला नको, आणि चाकाच्या बाजूला लोंबणारं टोक तर अजिबात नको. पाण्यात खाली सोडलेला फ्लॅप रिव्हर्समध्ये पाणी उपसणाऱ्या फावड्यासारखा वागतो, वाळूतही तेच, गाडी आधीच जड झालेली असते त्यात ही भर.

बांधायचा कंटाळा आला असेल तर चार बोल्ट काढून फ्लॅप डिकीत टाका, तेवढ्यासाठीच तर कच्चा ठेवलाय. चिखलातून बाहेर आल्यावर मात्र डांबरी रस्ता लागण्याआधी परत लावा, कारण टायरच्या नक्षीत अडकलेले दगड पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच सुटतात आणि नेमके तेव्हाच मागे कुणीतरी चिकटून येत असतं.

घरी आल्यावर पाण्याचा फवारा फ्लॅपच्या समोरून नाही, मागून वर मारा, पट्टी आणि लायनरच्या मध्ये. माती तिथेच साठते, समोरून गाडी चकाचक दिसली तरी. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एका छोट्या डबीत आठ नायलॉन बोल्ट, आठ नट आणि एक १० नंबरचा पाना ठेवतो, मागच्या ट्रिपला त्यातले तीन बोल्ट लागले आणि फ्लॅप पुन्हा लावून निघायला चहा उकळतो तेवढा वेळ गेला.